एकेचाळीस पावलं

"निष्काळजी? माझा भाऊ?" समोरच्या बाईने मनगटी घड्याळ टेबलावर असं आपटलं की भावोजींचा चहा बशीत सांडला. घड्याळावर ओरखडाही उमटला नाही.

काळं, दणकट डिजिटल घड्याळ. तासातासाची पावलं मोजणारं. काल, गुरुवारी, धान्यकोठाराच्या मनोऱ्यावरून तिचा भाऊ पडून मरण पावला, आणि संध्याकाळी कंपनीने दोष त्याच्याच माथी मारला.

"हातातून कुणी काढलं?" वहिनींनी विचारलं.

"नर्सने. माझ्यासमोर."

वहिनी खासगी तपास करत. त्यांचे दीर, भावोजी, सोबत जात आणि सगळं जरा उशिराच समजून घेत. वहिनींनी बटण दाबलं. काल दुपारी दोन ते तीन: एकेचाळीस पावलं.

तिघं कोठारावर पोचली. पाच मिनिटांत भावोजींचा शर्ट धुळीने राखाडी झाला. मनोऱ्याला बाहेरून लोखंडी जिना, शेजारी मालाची लिफ्ट. लिफ्टच्या गंजक्या दारावर कोरी कडी आणि पांढरा स्वच्छ कागद: 'सोमवारपासून बंद'.

"दोनपासून तो डबा खात बसला होता," मॅनेजर म्हणाला. "अडीचला उठला आणि मी नको म्हणत असताना जिना चढला. मी खिडकीतून पाहिलं. पार वरून तोल गेला."

"लिफ्ट?"

"बंदच होती," मेकॅनिक बुटांकडे बघत पुटपुटला.

वहिनी जेवणाच्या बाकापासून लिफ्टपर्यंत चालल्या. चाळीस पावलं. मग घड्याळ भावोजींच्या मनगटावर बांधलं. "चढा. कठडा धरून."

"मी?"

"तुम्हीच."

भावोजी धापा टाकत चढले. वरून खाली पाहिलं तेव्हा त्यांना संताप आला.

"किती पावलं?"

"एकशे चौऱ्याण्णव!"

ते खाली येईपर्यंत वहिनी थांबल्या. मग मॅनेजरकडे वळल्या.

"दोन-दोन पायऱ्या चढला असता तरी शंभराच्या आसपास भरली असती. त्याची एकेचाळीस. म्हणजे तो लिफ्टपर्यंत चालला आणि लिफ्टनेच वर गेला. तुम्ही त्याला जिना चढताना पाहिलंच नाही. आता हा कागद." त्यांनी तो ओढला. चिकटपट्टीला धुळीचा जाड थर लागून आला. "चार दिवसांत इथे कागदावर बोट उमटेल इतकी धूळ बसते. हा पुढून स्वच्छ आहे. धूळ कागदाआधीची. काल चिकटवलात. कडीसुद्धा कालचीच. मेकॅनिकदादा, जुनी कुठे गेली?"

मेकॅनिकने नव्या कडीकडे बोट दाखवलं. "सोमवारी तुटली. मी लिफ्ट बंद करा म्हणालो. साहेब म्हणाले, तारेने बांध, माल अडता कामा नये. काल वर जाताना तार सुटली, दार उघडलं..."

"आणि तू गप्प बसलास?" बहीण किंचाळली. "तुझ्याच बाकावर जेवायचा ना तो?"

वहिनींनी पोलिसांना फोन लावला, तसा मॅनेजर तडक गाडीत जाऊन बसला.

उभ्या आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेले भावोजी गेटच्या मधोमध जाऊन उभे राहिले. छाती अजून भात्यासारखी हलत होती. गाडी गुडघ्यांना टेकली. हॉर्न कर्कश वाजला.

"वाजवा!" भावोजी गरजले आणि दोन्ही हात बॉनेटवर रोवले. "पोलीस येईपर्यंत वाजवा. मी हलत नाही."