अळणी बिस्किटं

गोजरला त्या भट्टीत जायचंच नव्हतं. तिची नेहमीची भट्टी मालकाच्या घरच्या लग्नापायी बंद निघाली, म्हणून ती साखर पेठेतल्या दुसऱ्या भट्टीच्या दारात येऊन थबकली. मार्शल लॉचा धाक सोलापुरातून नुकताच कुठं ओसरला होता. बाहेर चैत्राचं ऊन, आत भट्टीची धग, आणि तिच्या डोक्यावरच्या पाटीत रवा, साखर नि पाण्याच्या लोटक्यात तरंगणारा ताज्या लोण्याचा गोळा. तेव्हा लोक घरचा जिन्नस नेऊन मजुरीवर बिस्किटं भाजून आणत.

भट्टीवर जोतीराम होता. वळसंगचा, उंच, घामानं निथळलेला. त्यानं लोटक्यात डोकावून पाहिलं.

"आमच्याकडं डब्यातलं खारं लोणी हाय की. सायबाच्या बंगल्यावरची बिस्किटं त्याचीच व्हत्यात. मिठानं गोडाला लज्जत येती."

"मीठ नको."

"चिमूटभर बी?"

"कणभर बी न्हाय."

"मिठाशी येवढं कसलं भांडण वो तुमचं?" तो हसला.

ती हसली नाही. "आमच्या आप्पांच्या अंगावर सूज हाय. वैद्यांनी मीठ तोडलंय."

त्याचं हसू तिथंच मावळलं. त्यानं हात राखेनं घासून धुतले, परात दोनदा विसळली आणि मगच ती तिच्यापुढं सरकवली. गोजरनं ते पाहिलं... आणि दुसऱ्या आठवड्यात तिची नेहमीची भट्टी उघडली, तरी ती इकडंच आली.

आप्पा म्हणजे रामहरी, गिरणीतला जुना माणूस. बायको मागंच गेलेली. घरात तो नि ही एकुलती एक लेक. अळणी कालवण पुढं आलं की तो तोंड फिरवायचा. मग एके दिवशी गोजरनं आपल्याही ताटातलं मीठ काढून टाकलं आणि त्याच्यासमोर बसून जेवायला लागली. तेव्हापासून चार घास तरी जायचे. पण मन लावून तो खायचा ती फक्त बिस्किटं, कारण गोडात मिठाची आठवण होत नाही. वैद्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, खाणं सुटलं तर माणूस खचेल आणि पोटात मीठ गेलं तर सूज छातीवर चढेल. गोजरचा सारा जीव त्या लोण्याच्या गोळ्यात अडकला होता.

हे सगळं तिनं जोतीरामला थोडंथोडं सांगितलं. पत्रा भट्टीत गेला की दोघांना बोलायला तेवढाच वेळ मिळायचा.

"मोडलेलं बिस्कीट कुणाचं?" त्यानं एकदा विचारलं.

"भट्टीवाल्याचं."

"मग दर खेपेला एक मोडतंय बघा... आपोआप."

"आपोआप?" तिनं डोळे वर केले. तो उगीचच भट्टीत फावडं सारत राहिला आणि गोजरला आपले कान तापल्याचं जाणवलं. दोष धगीवर ढकलावा तर ती भट्टीपासून चांगली चार हात लांब उभी होती!

भादव्यात आप्पाचा दम वाढला. त्या दिवशी गोजर पाटी उतरवून, लोटकं हौदात ठेवून म्हणाली, "आज तुमीच मळा. आप्पा येकलंच हायत. घटकाभरानं येते मी." ती वळली. जोतीराम तिच्या पाठमोऱ्या पदराकडं बघत राहिला आणि बघता बघताच त्यानं पाण्याच्या हौदात हात घातला. गारव्यासाठी तिचं लोटकं नि तसल्याच लोटक्यात काढलेलं बंगल्याचं खारं लोणी तिथं शेजारी शेजारी ठेवलेलं होतं.

गोजर परत आली, ऊन ऊन बिस्किटं घेऊन लगबगीनं गेली. जोतीरामनं मोडकं बिस्कीट तोंडात टाकलं आणि त्याच्या जिभेला मीठ लागलं.

तो अनवाणीच धावला. दुपारच्या पाळीचा भोंगा वाजत होता, गिरणीच्या फाटकाशी माणसांची गर्दी होती, तो धक्के देत, शिव्या खात पळाला. दारात पोचला तेव्हा आप्पानं दुधात बुडवलेलं बिस्कीट ओठांशी नेलं होतं. जोतीरामनं सरळ आत घुसून त्याचं मनगट धरलं.

"खाऊ नगा! खारं लोणी पडलंय. माझी चूक झाली... माझीच."

गोजर पांढरीफटक पडली. तिनं बिस्कीट घेऊन चाखलं. जिभेवर मीठ झणकन उमटलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"येवढ्या साखरेत हे कुणाला कळलं नसतं. मला कळलं, कारण मी अळणी खाते. तुमाला कसं कळलं?"

जोतीरामनं आप्पाचं मनगट सोडलं. 

"तुमी सांगितलं व्हतं न्हवं... तुमी बी मीठ सोडलंय म्हणून. मग माझ्याबी घशाखाली उतरंना. तवापास्नं मीबी..."

  गोजर भिंतीला टेकली आणि तिला वाटलं, आपण एकट्या नव्हतो, एवढे दिवस एकट्या नव्हतो.

आप्पा दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. "कुणाचा रं तू? वळसंगात कुणापैकी?" जोतीरामनं घराणं सांगितलं. "मग सोयऱ्यातलाच निघालास की!" आप्पानं दम खाल्ला. "आइक. माझ्यापायी हिनं मीठ सोडलंय. मी असूस्तोवर ही खायाची न्हाय, नि मी गेल्यावर तर मुळीच न्हाय, हट्टी हाय लई. तवा पयला घास मिठाचा... तू दे."

"आप्पा, असं बोलू नगा," ती म्हणाली. जोतीराम वाकून आप्पाच्या पाया पडला.

माघात आप्पा गेला. घरात चूल पेटली नाही. अशा वेळी जवळचे लोक भाकरी आणून घरच्यांना कडू घास भरवतात, तशी माणसं आली. बार्शीहून बजाआत्याही आली. तिच्या मनात गोजरला आपल्यासोबत न्यायचं होतं. पण गोजर कुणाच्याच भाकरीला हात लावीना. मीठ जिभेवर ठेवलं की आप्पा नाहीत हे खरं होणार होतं.

उन्हं कलता कलता जोतीराम आला. फडक्यात ज्वारीची भाकरी आणि वर लोणी. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तो गोजरसमोर उकिडवा बसला.

"तुमी लोणी घेता न्हवं, त्या म्हशीवालीचंच हाय ह्ये. त्यात मीठ मीच घातलंय... आज बघून घातलंय."

"तुमी अजून अळणीच हाय?" तिचा आवाज घोगरा झाला होता.

"तुमच्याआधी कसं खाऊ?"

तिनं नको म्हणून मान हलवली. त्यानं भाकरीचा घास मोडून तिच्यापुढं धरला.

"आप्पांनी सांगितलंय, गोजर. खा."

त्यानं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. तिनं घास घेतला. मीठ लागलं, आणि ती आप्पांच्या नावानं मोठ्यानं रडली, दिवसभरात प्रथमच. रडं ओसरल्यावर तिनं उरलेली भाकरी मोडली, तिच्यावर लोणी ठेवलं आणि तो घास जोतीरामच्या हातावर दिला.

दारात उभी असलेली बजाआत्या हे बघत होती.  आत गेली, आणखी एक पाट घेऊन आली आणि गोजरच्या शेजारी टाकला.

"उकिडवं काय खातोस, पोरा?" ती म्हणाली. "घरातल्यावानी बस की."