अर्थिंगची तार

म्हसावदच्या जुन्या कापूस-गोदामात रेवजीची अख्खी सकाळ गिटारची घरघर कुठून येते ते शोधण्यात गेली. केबल बदलून झाली, पेडल एकेक काढून झाले, अ‍ॅडॉप्टर लांब नेऊन झाला, जॅकचा टाका नव्याने मारून झाला. अ‍ॅम्प गुरगुरतच होता. तारांवर हात ठेवला की गप्प, हात उचलला की पुन्हा सुरू.

"कुत्रं पायेल शे का त्यामा?" लग्नांत टिमली नाचाची गाणी वाजवणाऱ्या बँडचा मालक हिलाल म्हणाला. "दुपारले रेकॉर्डिंग शे. नही जमनं ते ऱ्हाऊ दे. कीबोर्डमा बी गिटारना आवाज निंघस."

"मंग मी काय करू, भाऊ?"

"टाळ्या वाजाड."

डोंगरातून उतरून, ऊसतोडीला जात जात रेवजीने या बँडमध्ये जागा मिळवली होती. ती आता कीबोर्डच्या एका बटणापायी जाणार होती. चिडून त्याने भिंतीवरचा बोर्डच उघडला. तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकामागे तारच नव्हती! तीन भोकं दाखवायची, दोनांत वीज द्यायची, आणि शॉक लागला की माणसाने आपलं नशीब म्हणायचं, असा सगळा कारभार.

गोदामामागे भुसभुशीत जागा होती. तिथे त्याने लोखंडी सळई ठोकली, मीठ-पाणी ओतलं आणि तिला बांधलेली तार खिडकीतून आत आणून बोर्डाला जोडली. सळई फारच सहज उतरली; शेवटी हातोडा लागलाच नाही, नुसत्या तळहाताने दाबली तरी खाली जात होती.

घरघर थांबली. रेवजी पहिल्यांदा हसला.

मग त्या स्वच्छ शांततेत, घरघरीने इतका वेळ झाकून ठेवलेलं काहीतरी ऐकू आलं.

ठक्… ठक्… दगडावर कुदळ पडावी तसं. त्याने गिटारची केबल उपसली. ठक्… ठक्… अ‍ॅम्पच्या जाळीतून ओल्या मुरमाचा वास येत होता. आणि मग एक दमलेला आवाज, रेवजीच्या घरच्या डोंगरी बोलीत; मराठीत सांगायचं तर:

"वर कोण आहे?… दोर सोड रे…"

"कोन बोली ऱ्हायनं?" हिलाल वैतागला. "रेडिओ धरस का तुन्हा डबा?"

रेवजी दारात बसलेल्या म्हाताऱ्या राखणदाराकडे, चुनीलालकडे गेला. गोदामाच्या किल्ल्या कायम त्याच्याकडेच असत.

"काका, मांगे काय व्हतं?"

"विहीर व्हती. खंदता खंदता ढासळनी, मंग बुजी टाकी."

"खाले कोनी…?"

चुनीलाल किल्ल्यांशी चाळा करत राहिला. "दोन जण. डोंगरना."

"काढं नही त्यास्ले?"

"कापूसन्या गाड्या उभ्या व्हत्यात, भाऊ."

"नावं काय त्यासनी?"

"नाव कोन इचारस?"

माती टाकायला मजूर मिळाले होते; माती काढायला मिळाले नव्हते. कुठल्या पेपरात चार ओळी आल्या नाहीत, कुठल्या साहेबाची खुर्ची हलली नाही.

तोवर कॅमेरावाले आले. हिलालने बोट रोखलं. "एकच टेक. ते बोलनं बंद कर, नही ते तू घर जाय."

तार काढली तर घरघर, ठेवली तर हा आवाज. दोन्हीकडून जागा जाणारच होती. अ‍ॅम्पमधून अगदी हळू आलं, "सोड ना… भाऊ…"

रेवजीने गिटार भिंतीला टेकवली आणि तो मागच्या बाजूला गेला.

सळईचं टोक वर दिसत नव्हतं. तार सरळ जमिनीत गेली होती, ताठ. त्याने भिंतीला पाय रोवला आणि ओढायला लागला. तार येत गेली. त्याने घातली होती त्याहून किती तरी जास्त आली, ओली, मुरमाने माखलेली. पायाशी वेटोळं वाढत गेलं. तिला वजन होतं, माणसाचं असावं एवढं. मग ते वजन एकदम हलकं झालं.

खिडकीतून हिलाल ओरडला, "रेवजी! बंद व्हयनं रे बोलनं! घरघर बी नही! तुन्ही जागा पक्की… ये लवकर!"

रेवजीच्या हातात फासा आला होता. विहीर खोदणारे कमरेला बांधतात तसा. रिकामा, आणि अजून ऊबदार.

तार तिथे संपली नव्हती. फाशापासून ती पुन्हा जमिनीत गेली होती, दुसऱ्याकडे.

"येस ना?" हिलालने पुन्हा हाक मारली.

आणि खालून, वर ओढा म्हणून द्यावेत तसे, तारेला दोन हिसके बसले…