वाऱ्याकडचा दोर

दारातच ती थबकली. काचेच्या पेटीचं झाकण उघडं, आत कोपरापर्यंत हात घातलेला एक अनोळखी माणूस, आणि त्याच्या बोटाला चिकटलेली... तिची चिठ्ठी!

"अहो! काय चाललंय?"

"चुकीची होती. काढली," तो शांतपणे म्हणाला.

झालं! तिच्या डोक्यात तिडीक गेली. संग्रहालयात ती नवी, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. पेटीत जुन्या शिडाच्या गलबताची ही प्रतिकृती, तिच्यावर भागांच्या नावांच्या चाळीस चिठ्ठ्या, शुक्रवारी उद्घाटन. एक जरी चूक निघाली तर नोकरी पक्की होणार नाही, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि हा कोण? तर प्रतिकृतीचं फाटकं शीड शिवायला बोलावलेला कारागीर!

तिने पुस्तक त्याच्या नाकासमोर धरलं. "वाऱ्याकडचा दोर. छापलंय इथे."

"छापू दे की."

"मग तुम्ही सांगा, काय नाव याचं?"

"आत्ता? आत्ता कसं सांगणार?" तो हसला. हसणं बरं होतं मेल्याचं, त्यानेच ती जास्त चिडली.

तिने चिठ्ठी परत चिकटवली. मंगळवारी ती गायब, पलीकडच्या दोराचीही. पुन्हा चिकटवल्या, बुधवारी पुन्हा गायब. डोलकाठी, नाळ, सुकाणू, नांगर, यांना बोटसुद्धा लागलेलं नसायचं. फक्त शिडाच्या दोन्ही बाजूंच्या दोन दोरांशी याचं काय वैर होतं, देव जाणे. पेटीला कुलूप लावावं, तर साहेबांनी किल्ली त्यालाच दिलेली!

गुरुवारी मात्र तिचा बांध फुटला. "उद्या उद्घाटन आहे हो! माझी नोकरी जाईल, कळतंय का तुम्हाला?" आवाज कापला. डोळे भरले, याचाही तिला राग आला.

त्याने सुई खाली ठेवली. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

"इकडे या." त्याने वाकून शिडावर हलकेच फुंकर घातली. शीड पलीकडे फुगलं. "वारा या बाजूने, म्हणून हा दोर वाऱ्याकडचा." मग पेटीला वळसा घालून त्याने पलीकडून फुंकर मारली. "आता तो वाऱ्याकडचा, आणि हा आडोशाचा. दोर तेच, वारा फिरला की नावं फिरतात. तुमच्या पेटीत वाराच नाही. नाव कुठून आणू?"

ती कपाळाला हात लावून स्टुलावर बसली. "मग मी करू काय?"

"वारा कुठून येतो ते ठरवा. मी शीड तसं फुगवून टाचतो. मग नावं पक्की."

तिने दालनभर पाहिलं. "येऊ दे... माझ्या टेबलाकडून."

"सोमवारपासून तिकडूनच येतोय," तो पुटपुटला.

सुई पुन्हा चालू लागली. शीड फुगवून टाचून झालं, तिने दोन्ही दोरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तिच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. "थांबा! हे सगळं सोमवारी ठाऊक होतं तुम्हाला? मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर मंगळवारी कशाच्या निमित्ताने आलो असतो? शीड तर सोमवारीच शिवून झालं होतं."

"चार दिवस! चार दिवस जेवण गोड लागलं नाही मला!"

"चुकलं. कान पकडतो." आणि त्याने खरंच दोन्ही हातांनी कान पकडले. "पण तुम्ही चिडलात की डावी भुवई अशी वर जाते, आणि मी... मला आवडता तुम्ही. सरळ सांगायचं धाडस नव्हतं."

तिचा चेहरा तापला. रागाने की कशाने, ते तिचं तिलाही सांगता येईना. हा माणूस उद्या येणार नाही, हे मात्र एकदम कळलं.

तेवढ्यात साहेब आत आले. चष्मा सावरत त्यांनी चाळीसही चिठ्ठ्या वाचल्या. "उत्तम! बाई, तुमची पक्क्या नोकरीची ऑर्डर उद्याच काढतो. यांचंही काम संपलं ना? किल्ली घ्या परत."

"काम संपलं, साहेब," ती म्हणाली. "पण हे उद्या येतील. परवाही येतील."

"ते कशाला?"

"मला हवेत म्हणून!" ती जवळजवळ ओरडलीच. मग त्याच्याकडे वळली. "आणि तुम्ही... ते कान सोडा आधी!"