वॉडलोचे शेवटचे तीन दगड

आमच्या वॉडलो गावात दर मे महिन्यात शीव फिरायची पद्धत आहे. पुढे पाद्रीसाहेब, त्यांच्यामागे चर्चची वॉर्डन, म्हणजे कारभारीण, म्हणून मी आणि माझ्यामागे गाव. प्रत्येकाच्या हातात विलोच्या झाडाची ओली छडी. शिवेवर सोळा दगड आहेत. प्रत्येक दगडापाशी थांबायचं, मी हाक द्यायची, "इथपर्यंत वॉडलो!" मग सगळ्यांनी दगडावर छड्या मारायच्या आणि उत्तर द्यायचं, "इथपर्यंत!" की निघालो पुढच्या दगडाकडे. नकाशे फार नंतर आले. त्याआधी गाव कुठे संपतं हे आमच्या पायांनाच ठाऊक होतं. ही हाक सत्तावीस वर्षं माझ्या वडिलांनी दिली आणि आता बारा वर्षं मी देते आहे. गावात मला हेकट म्हणतात. म्हणोत.

तर त्या वर्षीचा सोमवार. सकाळी नऊला आम्ही एकोणीस जण निघालो. आठवडाभर पाऊस झालेला, कुंपणांच्या कडेनं गवत कमरेपर्यंत वाढलेलं. तेराव्या दगडापाशी पोचलो तेव्हा पुढच्या कुरणात घोटाभर पाणी साचलेलं दिसलं. आमचे नवे पाद्रीसाहेब, मिस्टर लिंडसेल, हिवाळ्यात शहरातून आलेले. त्यांनी आधी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मिसेस गॅरड, इथून सरळ चर्चकडे वळलो तर? उरलेत तीनच दगड."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझा गुडघा ठणकत होता आणि चर्चच्या हॉलमध्ये मांडून ठेवलेल्या हॅमच्या सँडविचवर माश्या बसत असतील, हे डोक्यात होतं. मी म्हटलं, "चालेल."

ते तीन दगड माझ्या बहिणीच्या घराला वळसा घालून जातात. ऑलिव्ह माझ्याहून चार वर्षांनी मोठी, लग्न न केलेली, गल्लीच्या अगदी टोकाच्या घरात एकटी राहणारी. दर वर्षी ती फाटकापाशी सायडरची, सफरचंदाच्या दारूची, सुरई घेऊन उभी असते आणि फिरणाऱ्या प्रत्येकाला एकेक पेला देते. त्या दिवशीही उभी होती. कुरणापलीकडून तिनं हात केला. मीही हात केला आणि पाठ फिरवली. वडील असते तर त्यांनी तीच छडी माझ्या पाठीवर ओढली असती.

मंगळवारी दुकानापाशी सिड टफनेल भेटला. पावाची गाडी घेऊन तो अकरा वर्षं घरोघर फिरतो.

"एक पाव उरला बघा," तो डोकं खाजवत म्हणाला. "रोजच्याइतकेच घेतले होते. उरला कसा, देव जाणे."

"ऑलिव्हकडे दिलास का?"

"कुणाकडे?"

"सकाळीच घेतलीस वाटतं! माझ्या बहिणीकडे. टोकाच्या घरी."

सिड हसला, पण मला बरं वाटावं म्हणून हसतात तसा. "त्या गल्लीत घर कुठाय, मिसेस गॅरड? दगड लागतो न् गल्ली संपते. गाडी वळवायला जागा आहे तेवढी."

"काखेत कळसा अन् गावाला वळसा!" मी म्हटलं. मला वाटलं, थट्टा करतोय. पण बुधवारी सकाळी पोस्टाच्या बाईंनी एक पाकीट माझ्यापुढे धरून विचारलं, या नावाचं गावात कुणी आहे का? पाकिटावर ऑलिव्हचं नाव होतं, मिस ऑलिव्ह डॅक. मी तडक पाद्रीसाहेबांकडे गेले. दर गुरुवारी हे गृहस्थ ऑलिव्हकडे चहाला जायचे आणि तिच्या ओव्याच्या केकचे तीन-तीन तुकडे खाऊन यायचे.

"मिस डॅक..." त्यांनी सौजन्यानं आठवून पाहिलं. "नाही हो. माझ्या येण्याआधी वारल्या का?"

"परवा फाटकाशी उभी होती! आपण पाठ फिरवली तिच्याकडे. तुमचे बूट भिजतील म्हणून!"

"मिसेस गॅरड, बसा जरा. आपण तेराव्या दगडापाशी वळलो, बरोबर. पण शेवटचा दगड तोच ना?"

मी बसले नाही. रागारागानं घरी आले आणि तिला चिठ्ठी लिहायला बसले, की बाई, तू ठीक आहेस ना, गावाला वेड लागलंय. कागद घेतला, 'प्रिय' असं लिहिलं, आणि पुढे काय लिहायचं ते मला आठवेना. सत्तर वर्षं जिच्याशी भांडले, तिचं नाव. टाक हातात धरून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. चार मिनिटं गेली. मग ते आठवलं आणि मी घाईघाईनं ते आधी डाव्या तळहातावर लिहिलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आणि भीती वाटली की मला संतापच येतो, हा माझा स्वभाव आहे. चूक माझी होती. ती निस्तरायलाही मीच जाणार होते. पाद्री येवो न येवो. परसातल्या विलोची एक जाडशी छडी मी तोडून घेतली आणि गुडघ्याला पट्टी बांधून निघाले.

दुपारचे तीन वाजले असतील. गावावर लख्ख ऊन होतं. तेराव्या दगडापलीकडे मात्र धुकं होतं, कुरणावर बसलेलं, माझ्या छातीइतकं उंच. मी पाण्यात पाय टाकला. पाणी गार होतं, त्यात नवल नाही. पण त्याला वास येत होता, वर्षानुवर्षं झाकण न उघडलेल्या विहिरीचा. एकही पाखरू बोलत नव्हतं. मागे चर्चच्या घड्याळाचे ठोके सुरू झाले. पहिला ऐकला. दुसरा ऐकू आला नाही.

चौदावा दगड सापडला. त्याच्या आमच्या बाजूला शेवाळ होतं, कुणी हात न लावलेलं. पलीकडच्या बाजूला शेवाळ खरवडून निघालं होतं, आणि तिथे ओल्या सालीचे ताजे धागे चिकटले होते. दगडाला छड्या मारल्या होत्या. बाहेरून.

मी हाक दिली, "इथपर्यंत वॉडलो!" आणि छडी मारली. उत्तर आलं नाही. उत्तर द्यायला होतंच कोण? मी पुढे निघाले. तेवढ्यात धुक्यात, माझ्या पुढे कुठेतरी, टक् टक् टक् असा आवाज झाला. पुष्कळ छड्या, एका तालात. मग पाण्यातून चालणारी पावलं. कुणाला घाई नसावी तशी.

"कोण आहे?" मी विचारलं. आवाज थांबला. मी चालले की तेही चालत. मी थांबले की तेही थांबत...

पंधराव्या दगडापाशी धुकं थोडं विरळ झालं आणि ऑलिव्हचं घर दिसलं. धुराड्यातून धूर निघत होता. जीव भांड्यात पडला. ती फाटकाशी उभी होती, हातात सुरई. एकेक पेला भरून ती समोर धरत होती, आणि पेला तिच्या हातातून जात होता. तिच्यासमोर मला कुणी दिसत नव्हतं. ती मान हलवत होती, हसत होती, एकदा तर लाजलीही. कितीतरी वर्षांत मी तिला लाजताना पाहिलं नव्हतं.

"ऑलिव्ह!"

तिनं वळून पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघतात तसं, अदबीनं.

"कोण हवंय आपल्याला?" ती म्हणाली.

आपल्याला! माझी बहीण, जिनं मला सात वर्षांची असताना तळ्यात ढकललं होतं. धावत जाऊन तिचा हात धरावा असं वाटलं. पण शीव हातांनी ओढून घेता येत नाही, ती फिरावीच लागते, हे वडिलांनी मला शिकवलेलं. मी तिच्याकडे पाठ केली आणि पंधराव्या दगडावर छडी मारली. हाक दिली. माझा आवाज धुक्यात दोन हातही गेला नाही. त्यांच्या छड्या आता ऑलिव्हच्या कुंपणाच्या आतून, माझ्या अगदी बरोबरीनं वाजत होत्या.

सोळावा दगड ऑलिव्हच्या परसामागे, काटेरी कुंपणात आहे. तिथवर मी अक्षरशः खुरडत गेले. पट्टी सुटली होती, पाय बधिर झाले होते. दगडाला धरून उभी राहिले आणि पोटातून ओरडले.

"इथपर्यंत वॉडलो! ऐकतेस का, ऑलिव्ह? तू वॉडलोची आहेस! जॉन डॅकची पोरगी आहेस! उत्तर दे! इथपर्यंत वॉडलो!"

छडी मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारताना ती मोडली.

घरातून आवाज आला. बारीक, झोपेतून उठल्यासारखा. "...इथपर्यंत."

आणि त्याच्या पाठोपाठ, हलक्या सुरात, एकदम पुष्कळ आवाजांत, "इथपर्यंत."

लगेच चर्चच्या घड्याळाचा ठोका ऐकू आला. कुंपणात एक चिमणी ओरडायला लागली. मी परसदारातून आत शिरले, तर ऑलिव्ह स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून उभी.

"किती वेळ लावलास गं, मेबल? आणि हे काय, चिखलाचे पाय घेऊन आत?"

मी तिच्या गळ्यात पडून रडले. खोटं कशाला सांगू? हमसून हमसून रडले. तिनं मला खुर्चीत बसवलं, चहा केला. टेबलावर सात पेले होते, सातही रिकामे.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"तुम्ही सोमवारी वळून गेलात ना, त्याच्यानंतर आली मंडळी. बाहेरच्या वाटेनं. हातात छड्या." ती हळू बोलत होती. "मला वाईट वाटलं होतं गं. निदान कुणीतरी थांबलं. फार सभ्य माणसं..."

"गेली ना पण आता?"

ऑलिव्हनं कपात साखर ढवळली. बराच वेळ ढवळली.

"जायला निघाली होती. उंबऱ्यापाशी पोचली होती. तेवढ्यात तू शेवटच्या दगडावर छडी मारलीस." तिनं माझ्याकडे पाहिलं. "ती मंडळी तेव्हा शिवेच्या आत होती, मेबल."

गुरुवारी सिडनं ऑलिव्हच्या दारात पाव टाकले. एक तिचा, आणि सात वेगळे. सात कुणाचे, असं मी विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "अहो, अकरा वर्षं देतोय की! बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" पोस्टाच्या बाईंनाही ती माणसं ठाऊक होती. कुणाला हिवतापाचा त्रास आहे, कोण पायानं अधू आहे, सगळं ठाऊक होतं. मला मात्र ती दिसत नाहीत. ऑलिव्हलाही आता दिसत नाहीत. सबंध गावात फक्त आम्हा दोघींनाच दिसत नाहीत.

रविवारी मी नेहमीप्रमाणे चर्चमध्ये लवकर गेले. प्रार्थनेआधी मिस्टर लिंडसेल दाराशी उभे राहून येणाऱ्यांचे हात हातात घेत होते. मध्येच त्यांनी रिकाम्या हवेत हात पुढे केला, मान झुकवली आणि म्हणाले, "या, मिसेस हॅस्क. खोकला कसा आहे? मंडळी आली का सगळी?" मग पुन्हा हात पुढे केला. असं सात वेळा केलं. शेवटच्या बाकापर्यंत फरशीवर ओल उमटत गेली.

लोक आपापल्या जागी बसले. ऑलिव्हनं माझी बाही घट्ट धरली. "पुढे बसू, मेबल," ती कुजबुजली. "मागे बघूच नकोस."

पण त्यांना आत मी घेतलं होतं. माझ्या तोंडानं, माझ्या छडीनं. आणि वॉर्डन मी आहे. गावात कोण राहतं हे मला कळलंच पाहिजे, मग ते काहीही असो. मी तिची बोटं सोडवली, मधल्या वाटेनं मागे चालत गेले आणि त्या रिकाम्या बाकाच्या टोकाशी उभी राहिले. विहिरीचा तो वास येत होता. प्रार्थनापुस्तक छातीशी धरून मी कोरड्या तेवढ्या कडेवर बसले. जागा इतकी कमी होती की अर्धी मी बाहेरच होते.

बाक करकरलं. आणि ओळीनं एकेक जण सरकत गेला, मला जागा करून द्यायला.