सत्त्याण्णव वजनाचा शब्द

डॉ. इंदुमती बोरवणकरांच्या शब्दाला शंभरपैकी सत्त्याण्णव वजन होतं. त्यांच्या सुनेने हे कधी मानलं नाही, पण उच्च न्यायालय मानत होतं. कपड्यावरच्या चिमूटभर परागकणांवरून माणूस कुठे जाऊन आला हे त्या सांगत, आणि अकरा वर्षांत त्यांचं एकही मत पडलं नव्हतं.

त्या सकाळी मात्र प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाशेजारी एक कुंडी होती.

कुंडी आणली होती सुलभा घाडीने. तिचा भाऊ नामदेव जन्मठेप भोगत होता. वाघजाईच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, खून झाला होता आणि नामदेवच्या सदऱ्यावर कातळझुमक्याचे पराग सापडले होते. हे फूल जगात त्या एकाच सड्यावर फुलतं, म्हणजे हा माणूस तिथे गेला होता, असं बाईंनी छातीठोकपणे सांगितलं. दुसरा पुरावा नव्हता.

“बाई, ह्यां झाड तुमच्याच पोरांनी आमका दिलां,” सुलभा म्हणाली. “वनमहोत्सवाक. पाच वर्सां झाली, त्या खुनाच्या आदीपासून आमच्या पडवीत फुलता.”

बाईंनी विभागाची जुनी फाईल काढली. खरंच होतं. झाड दुर्मीळ, म्हणून विद्यार्थ्यांनी त्याची चाळीस रोपं करून गावोगाव वाटली होती, आणि परवानगीच्या कागदावर सही बाईंचीच होती. कातळझुमका आणखी कुठे उगवतो का हे बघायला त्यांनी कोकणातले सगळे सडे पालथे घातले होते. स्वतःच्या रोपवाटिकेत डोकवायचं तेवढं राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“सोमवारी अपील आहे ना? मी येऊन चूक कबूल करते,” त्या म्हणाल्या, आणि तशाच उठून गणित विभागात रियाज तांबोळींकडे गेल्या.

न्यायालयात तज्ज्ञांची मतं तोलणारी यंत्रणा, मततुला, बांधली ती तांबोळींनी. पूर्वी दोन्ही पक्ष आपापले प्राध्यापक आणत आणि कुणाचं ऐकावं हे न्यायमूर्तींना कळत नसे. मततुलेने तो घोळ मिटवला. ज्याची मतं न्यायालयात टिकली त्याचं वजन वाढे, पडली त्याचं घटे. दोन मतं भिडली की भारी मत जिंके, आणि तुलेचा कौल न्यायमूर्तींवरही बंधनकारक असे.

“मॅडम, मत मागे घेता येत नाही,” सगळं ऐकून तांबोळी म्हणाले. “दिलेल्या दिवशीच त्याचं वजन गोठतं. नाहीतर कुणीही तज्ज्ञाला धमकावून जुने निकाल फिरवेल. तुम्हाला फक्त नवं मत देता येईल.”

“मग नवं देते.”

“नवं मत म्हणणार, जुनं चुकलं. म्हणजे तुम्ही चुकणाऱ्या तज्ज्ञ. मततुला आधी तुमचं वजन उतरवणार, मग मत तोलणार. हे बघा, आकडे घातले. नव्याला एकसष्ट. समोर गोठलेले सत्त्याण्णव.”

“म्हणजे मी माझ्याशीच हरणार? अहो, झाड माझ्या टेबलावर आहे!”

“झाड मत देत नाही, मॅडम. तो कातळझुमका आहे हे कुणा तज्ज्ञालाच सांगावं लागतं.”

“शेवडे सांगेल.” उमाकांत शेवडे त्यांचा जुना विद्यार्थी. एका झाडाच्या परागावरून जागा ठरवू नका, असं त्याने याच खटल्यात बजावलं होतं.

“तुमच्याविरुद्ध बोलले आणि पडले. वजन बारा. तुमच्याविरुद्ध बोललेला प्रत्येक जण असाच पडलाय. बाजूने बोललेल्यांची वजनं तुमच्याच मतांवर उभी आहेत. तुम्ही पडलात की तीही उतरतात.”

“मग दुसऱ्या एखाद्या खटल्यात मी मुद्दाम चुकीचं सांगते. जिंकू दे शेवडेला, चढू दे त्याचं वजन.”

“सत्त्याण्णवसमोर बारा?” तांबोळींचा आवाज खाली गेला. “तुमचं चुकीचंच बरोबर ठरेल. आणखी एक निर्दोष आत जाईल.”

खोलीचं दार उघडंच होतं, तरी बाईंना कोंडल्यासारखं झालं. ही तुला आली तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत त्या पहिल्या होत्या.

सोमवारी त्या तरीही गेल्या. कुंडी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन होईना, म्हणून न्यायालयापर्यंत त्यांनी ती मांडीवर धरून नेली. साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं. रोपं, सही, पडवी, काही राखून ठेवलं नाही. न्यायमूर्तींनी चष्मा काढून ऐकलं. त्यांना पटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण पटण्याला तुलेत जागा नव्हती.

जुनं मत कायम राहिलं. अपील फेटाळलं.

पडलेल्या मताची नोंद करावीच लागते, तशी ती झाली. ‘डॉ. इंदुमती बोरवणकर. चुकीची मतं : एक.’ अकरा वर्षांतली त्यांची ही पहिली चूक, आणि ती नेमकी त्या खरं बोलल्या त्या दिवशीची. लिपिकाने त्यांची सही घेतली.

बाहेर सुलभा उभी होती. बाईंना तिच्याकडे बघवेना. तिने फक्त कुंडी आपल्याकडे घेतली आणि बाईंच्या पांढऱ्या पदराकडे बोट दाखवलं. वाटभर फुलं घासून तिथे पिवळी भुकटी बसली होती.

“झटकून टाका, बाई,” ती म्हणाली. “नायतर तुमीय सड्यार गेल्लास म्हणतीत.”