इंगळ्यांचे दगड

खुणेचे दगड बारा. मागच्या मोजणीत त्यांच्याखाली इंगळ्या, म्हणजे मोठे काळे विंचू, बारा. आज शून्य.

मुलुंडच्या टेकडीवर निधी गुडघे टेकून बसली होती. आजूबाजूच्या बिनखुणेच्या दगडांना कुणी हातही लावला नव्हता.

"जागा ठाऊक असणाऱ्यानेच नेल्यात," सहदेवदादा म्हणाले. "आणि मी तर गणपतीनंतर आज पहिल्यांदा वर चढतोय."

खुणेचा रंग दगडाच्या खालच्या अंगाला. तो माहीत असलेले स्वयंसेवक तीनच: दादा, त्यांनी तयार केलेली निधी आणि दसऱ्यानंतर आलेला मुकुल.

"माझ्याकडे काय बघताय?" मुकुल उसळला.

"इथलं रील कोणी टाकलं रे?" दादांनी विचारलं.

"त्यात जागा दिसतच नाही, यार!"

"ते वनखात्याला सांग. तुझं नाव आजच कळवतो. मग कॉलेजातही सांगत बस."

मुकुलचा चेहरा उतरला.

निधीने दगडाच्या कडेवरून बोट फिरवलं. मोजणीसाठी दगड उचलला तरी फटीत दाबून बसवलेली सुकी पानं कडेला तशीच होती. बाराही दगडांना तशीच.

"मुकुल, दगड परत ठेवल्यावर फट कशाने बुजवतोस?"

"मातीने. तूच शिकवलंस ना?"

"पानांनी कधी?"

"पानं? ती कशाला?"

"आणि दादा, तुम्ही?"

"पानांनीच. तुलाही मीच शिकवलं की गं."

निधीने फटीतली पानं उपसून तळहातावर घेतली.

"पानांतून मुंग्या शिरतात, म्हणून गणपतीत मी पानं बंद केली. तेव्हा तुम्ही गावी होतात. मागच्या मोजणीनंतर या फटींत मी स्वतः माती भरली होती. बाहेरच्या चोराने दगड उलटेच टाकले असते. मुकुलला पानं माहीतच नाहीत. उरलात तुम्ही."

दादांनी टोपी काढली.

"फटी उघड्या टाकून जाववेना गं."

"आणि मुकुलचं नाव घेववलं?"

त्यांनी टोपी परत डोक्यावर चढवली.

"तुमच्यामुळे मी हे शिकले, दादा. इंगळ्या कुठायत?"

"स्कूटरच्या डिकीत. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं."

स्कूटर पायथ्याशी, उन्हात उभी होती. मुकुलने डिकी उघडली. निधीने आतला डबा सावलीत नेऊन झाकण काढलं आणि मोजलं.

इंगळ्या बारा. जिवंत सात.