मागच्या खोलीची रेंज

हसू नकोस, पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात भीतीची दुपार मी राउटर कडेवर घेऊन घरभर फिरण्यात घालवली आहे. बस इथे, दिव्याजवळ. सांगते.

नवरा बोटीवर कामाला, महिनोन् महिने बाहेर. घरात मी आणि सासूबाई. त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. माझी रजा संपत आली, तेव्हा नणंदेने फोनवर सरळच सांगितलं, "तू कामावर गेलीस की आईकडे कोण बघणार? मी तिला वृद्धाश्रमात ठेवते." फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी ते ऐकलं आणि त्या दिवशी अन्नाला शिवल्या नाहीत.

मग मी गळ्यात घालायचं एक बटण आणलं. ते दाबलं की माझ्या मोबाइलवर घंटा वाजते. दुकान जवळच, धावत आलं की झालं. नणंद म्हणाली, "ते चाललेलं मला दाखव, मग बघू."

ते चालेचना. बटणाला वाय-फाय लागतं, राउटर पुढच्या खोलीत, आणि सासूबाईंची खोली पार मागे, कारण न्हाणीघर तिकडे. मधल्या भिंती अशा की त्यात एक माणूस आडवा झोपेल. वाय-फायवाला आला, त्याने भिंतीवर थाप मारली आणि कपाळावरही मारून घेतली.

"वहिनी, ही भिंत आहे की किल्ला? ह्यातून रेंज जायची नाही. दारांतून जाईल. राउटर आधी त्या लोखंडी कपाटातून काढा. उंच ठेवा, आरशापासून लांब. जागा तुम्हीच फिरून शोधा." लांबलचक वायर माझ्या हातात कोंबून तो सटकला.

आता जागा शोधायची कशी? बटणावर एक बारीक दिवा आहे. रेंज मिळाली की हिरवा, नाहीतर लाल. तो बघायला मी दर वेळी मागे धावणार? घरातून एक जुना लोखंडी नळ जातो, बंद पडलेला, पुढच्या खोलीपासून मधल्या बोळातून थेट सासूबाईंच्या पलंगापर्यंत. मी त्यांच्या उजव्या हातात स्टीलचा चमचा दिला. "आई, मी नळावर ठोकलं की दिवा बघायचा. लाल असला तर दोनदा ठोका, हिरवा असला तर एकदा." त्यांचा चेहरा उजळला. आजारी पडल्यापासून त्यांना कुणी काहीच काम दिलं नव्हतं.

राउटर पुस्तकांच्या फळीवर ठेवला. नळावर ठोकलं. क्षणभर काही नाही. मग लांबून आलं... ठक, ठक.

लाल. फ्रिजवर ठेवून पाहिला. ठक, ठक. वायर ओढत मी बोळात शिरले. आमच्या बोळाला खिडकी नाही, भर दुपारी तिथे संध्याकाळ असते. ओल्या चुन्याचा वास येतो, पण त्या दिवशी त्यात आणखी काहीतरी होतं. विझलेल्या चुलीसारखं.

मी राउटर स्टुलावर ठेवला. ठोकायला हात उचलला, तोच... ठक, ठक.

मी अजून ठोकलंच नव्हतं. म्हटलं, आई रंगात आल्या आहेत. राउटर जरा डावीकडे नेला. ठक, ठक. उजवीकडे नेला. ठक. थांबून, पुन्हा ठक. मी तो वर उचलू लागले तशी ठकठक मंदावली, लहानपणी लपवलेली वस्तू शोधताना कुणी "थंड, गरम" म्हणत राहावं तशी. बोळाच्या वळणावर स्टूल ओढून त्यावर चढले आणि चौकटीच्या वरच्या कडेला राउटर टेकवला, तिथून पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं दिसतात. आवाज थांबला.

मग एकदाच. ठक.

मला इतका आनंद झाला की मी स्टुलावरून उडीच मारली. "आई, जमलं!" म्हणत मागे धावले. बटणाचा दिवा हिरवागार होता. आणि सासूबाई घामाने भिजलेल्या, डोळे दाराकडे लावून पडल्या होत्या. चमचा जमिनीवर, पलंगाखाली, भिंतीला टेकून पडला होता.

"चमचा आत्ता पडला का?"

"केव्हाच..." त्यांची जीभ अडखळली. "तू... पहिल्यांदा ठोकलंस... तेव्हाच. हाका मारल्या... तुला ऐकू जाईना."

"मग नळावर कोण...?"

त्यांनी नजर उशाकडे वळवली. तिथे भिंत होती, नळ होता, दुसरं काही नव्हतं. "मला वाटलं... तूच इथे उभी आहेस. वाकून... दिवा बघतेयस."

मी दारापर्यंत मागे सरकले, खोटं कशाला बोलू? पण पळून जाणार कुठे? जे कुणी होतं, त्याने दिवा लाल की हिरवा हे खरं सांगितलं होतं. मी राउटर तिथेच खिळा ठोकून बसवला.

नणंद येऊन पुन्हा पुन्हा बटण दाबून गेली. प्रत्येक वेळी माझा मोबाइल वाजला. जाताना तिने माझे दोन्ही हात धरले आणि रडली. वृद्धाश्रमाचा विषय संपला. सासूबाई त्या रात्री दोन घास जास्त जेवल्या, आणि मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

कामावर रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत दुकानात घंटा वाजली. हातातली काच तशीच टाकून मी धावले. जिना चढताना एकच मनात होतं, माझ्या हट्टापायी आईंचं काही झालं असेल तर...

त्या जमिनीवर होत्या. पलंगावरून घसरल्या, पण शुद्धीवर होत्या, मूठ बटणावर घट्ट. डॉक्टरांनी येऊन तपासलं, त्यांना उचलून पलंगावर बसवलं. हाड मोडलं नव्हतं, डोक्याला साधं टेंगूळही नव्हतं. मी त्यांच्या पायांशी बसून हमसून हमसून रडले, सुटल्यासारखी. त्याच माझ्या पाठीवर थोपटत राहिल्या.

डोळे पुसल्यावर ती दिसली. जमिनीवर, जिथे त्यांचं डोकं होतं तिथे, एक छोटी, कडक उशी. धुऊन धुऊन विरलेला पांढरा अभ्रा, कडेला हाताने घातलेली टीप. अशी उशी आमच्या घरात नाही. कधीच नव्हती. मी हात लावला. ती थंडगार होती, आईंचं डोकं इतका वेळ तिच्यावर असूनही.

मी ती उचलून बाहेर टाकायला निघाले, तर सासूबाईंनी चांगल्या हाताने माझा पदर धरला.

"नको टाकू," त्या म्हणाल्या. "तिची आहे... त्या दिवशी वाकून दिवा बघत होती, तिची. न्यायला येईल ती."